कीबोर्ड गाईल, पण ‘ळ’चं काय?

खंडाळा म्हटलं की आमिर खान आठवतो? तो घाट वेगळा, बॉस! आपलं हे खंबाटकीच्या पायथ्याचं, साताऱ्याचं खंडाळा. इथल्या भजनी मंडळात पेटीनंच गायला सुरुवात केली तर?

हसू नका. २०२२ मध्ये कॅसिओनं सीटी-एस१०००व्ही नावाचा गाणारा कीबोर्ड आणला. मोबाइल अ‍ॅपवर शब्द लिहा, कीबोर्डात पाठवा. मग जी पट्टी दाबाल त्या सुरात तो ते म्हणतो. सगळी अक्कल कीबोर्डाच्या पोटात, त्यामुळे वाजवताना घाटात रेंज गेली तरी नो टेन्शन.

लोचा एकच. आला तो इंग्रजी आणि जपानी या दोनच भाषा घेऊन. दोन्हींत ‘ळ’ नाही. म्हणजे ‘खंडाळा’सुद्धा तो धड म्हणणार नाही! मशीनला मराठी गळा हवा, तर आधी आपले आवाज त्यात भरावे लागतील. ते जपानवाले करतील, अशी वाट बघायची का?