जोडीने घेतलेले मासे

नव्या टाकीत झाडांनी मूळ धरलं, महिना-सव्वा महिना बिनमाशाचं पाणी फिल्टरमधून फिरलं, की हौशी माणूस दुकानात जातो आणि म्हणतो, "सगळ्यांची एकेक जोडी द्या." दुकानदार देतो. आपल्याकडे माशांचा भावच जोडीवर सांगतात. मग दोन निऑन टेट्रा, दोन गप्पी, दोन एंजल, दोन टायगर बार्ब, दोन कोरी आणि 'घाण खायला' एक सकर, असा अकरा माशांचा, सहा जातींचा संसार दोन फुटी टाकीत थाटला जातो. नवी टाकी भरण्याची याहून वाईट रीत मला माहीत नाही. तरीही तिची वकिली जोरात चालते.

पहिला युक्तिवाद असा: "टाकी सायकल झाली आहे, आता कशाला घाबरायचं?" झाली, पण किती माशांसाठी? माशांच्या उत्सर्गातून आणि सडलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि बाकीचे नायट्राइटचं नायट्रेट; या जीवाणूंचा जम बसणं म्हणजेच टाकी 'सायकल' होणं. हे जीवाणू वाढतात ते त्यांना मिळालेल्या अमोनियाच्या मापाने. रोज चिमूटभर खाद्य टाकून सायकल केलेल्या टाकीत चिमूटभर खाद्याएवढेच जीवाणू असणार. झाडांच्या टाकीत आणखी एक फसगत होते. झाडं स्वतःच अमोनियम शोषतात, त्यामुळे चाचणीत शून्य दिसतं आणि ते सगळं श्रेय फिल्टरला जातं. मग नव्या पाण्यात क्रिप्टोकोरिनची पानं विरघळायला लागतात. ते नेहमीचंच आहे, पण त्या आठवड्यात शोषणारी झाडंच अमोनियाची भर घालतात. त्यातच दुपारी दिव्याखाली झाडं पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि पीएच चढतो. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो, पीएच 8 झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. सकाळी निरुपद्रवी वाटलेला आकडा दुपारी कल्ले जाळू शकतो.

दुसरा युक्तिवाद गॅलनला एक इंच माशाचा. दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट टाकीत काठोकाठ सुमारे 56 लीटर पाणी मावतं. माती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करा, 45 लीटर उरतात, म्हणजे बारा गॅलन. नियमाप्रमाणे त्यात दीड इंची आठ निऑन चालतील आणि बारा इंची एक ऑस्करही चालेल! लांबी आठपट झाली की त्याच ठेवणीच्या माशाचं वजन पाचशेपटीच्या वर जातं, हे या नियमाच्या गावीही नाही. तो कचऱ्यात टाकावा.

सकरबद्दल थोडक्यात. तो शेवाळ खरवडतो, पण जे खातो त्याची विष्ठाही टाकीतच करतो, आणि वाढून दीड फुटापर्यंत जातो. मग कुणीतरी 'दया' म्हणून त्याला नदीत सोडतं. उजनी जलाशयातल्या मच्छीमारांच्या जाळ्यात हा दक्षिण अमेरिकेचा मासा कुठून आला, ते यावरून समजून घ्यावं.

सावध मंडळींचा सल्ला वेगळा: "एका वेळी दोनच मासे टाका, सावकाश." ऐकायला शहाणपणाचं वाटतं, आणि दुबळ्या सायकलच्या टाकीत ते बरोबरही आहे. पण थव्याने राहणाऱ्या माशाला दोनात एकटेपणच असतं. दोन निऑन फिल्टरच्या नळीमागे अंग चोरून बसतात, निळा पट्टा फिका पडतो, खाद्य आलं तरी पुढे येत नाहीत. दोन टायगर बार्ब तर आपसात भांडायला गट नसल्यामुळे एंजलचे लांब पर कुरतडतात. तेच एंजल मोठे झाले की निऑन गिळतात. गप्पीची जोडी घेतली तर नर मादीला उसंत देत नाही, आणि दर महिन्याला पिल्लांची पलटण येते ती वेगळीच.

म्हणून माझा आग्रह असा: आधी सायकल भक्कम करा, मग एकाच जातीचा पूर्ण थवा एकदम सोडा. शुद्ध अमोनियम क्लोराइड घ्या. म्हणजे आपला नवसागरच, पण कल्हईचा नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा. 45 लीटरला पाव ग्रॅमच्या किंचित वर टाकलं की लीटरमागे सुमारे 2 मिलिग्रॅम अमोनिया होतो. तो आणि त्यातून झालेलं नायट्राइट, दोन्ही चोवीस तासांत शून्यावर आली तरच टाकी तयार. मग निम्म्याहून जास्त पाणी बदला, अँटी-क्लोरीन विसरू नका, आणि आठ-दहा झेब्रा डॅनियो सोडा. हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा आहे. आपला उन्हाळा तो निऑनपेक्षा सहज काढतो. तरी मे महिन्यात पाणी 32 अंशांवर गेलं की त्यात विरघळणारा ऑक्सिजन घटतो, आणि रात्री झाडंही तोच वापरतात. पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडमिट करताना दिसले तर एअर पंप रात्रभर चालू ठेवा.

सहा छोट्या कोरींचा दुसरा थवा हवाच असेल तर दोन महिने थांबा, आणि त्या आधी तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. तोवर पाहुणे "एकच जात?" म्हणून नाक मुरडतील. खुशाल मुरडू द्या.