डोळे झाकून पाहिलेले सिनेमे

प्रत्येक ऑफिस ग्रुपमध्ये एक तरी मेंबर असा असतोच, की हॉरर फिल्मचा प्लॅन ठरला रे ठरला, की त्याला नेमकी त्याच रात्रीची डेडलाइन आठवते. आमच्या ग्रुपमधली ती मेंबर म्हणजे मी. तरीही दोन्ही बाजूंना दोन धट्टेकट्टे कलीग बसवून, पॉपकॉर्नच्या टबाआडून मी बरेच हॉरर सिनेमे पाहिलेत. म्हणजे अर्धे पाहिलेत, अर्धे नुसते ऐकलेत!

एवढ्या अनुभवावरून एक फंडा क्लिअर झालाय. हॉरर फिल्म कशी आहे, हे हॉररच्या फॅनला विचारूच नये. तो खांदे उडवून म्हणणार, ‘ठीक होती यार, तू कोरियन बघ.’ विचारायचं ते आम्हा घाबरटांना. थिएटरमध्ये आम्हाला काय, काहीही घाबरवतं. नुसतं दार करकरलं तरी शेजारच्याचा दंड काळानिळा. खरा प्रश्न असतो तो सिनेमा आपल्याबरोबर घरी येतो का, हा.

नॅशनल पार्कला लागून राहणाऱ्या बोरिवली-मुलुंडकरांना बिबट्याची बातमी काही नवीन नाही. ती वाचता वाचता आपण चहा संपवतो. पण रात्री साडेबाराला स्टेशनवरून रिक्षाने येऊन आपण एकटेच लिफ्टमध्ये शिरलो आणि ती आपल्या मजल्यावर न थांबता वर गेली, की त्या सेकंदाला जो सिनेमा आठवतो, तो पास!

या टेस्टमध्ये रामसे बंधू साफ नापास होतात. तसा त्यांचा कारभार भन्नाट होता. सात भाऊ, कोणी कॅमेरा धरतोय, कोणी साउंड सांभाळतोय, कोणी डिरेक्शन करतोय. ‘दो गज ज़मीन के नीचे’ (१९७२) पासून ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८) पर्यंत त्यांनी भुतांचा घरगुती उद्योगच चालवला. पण ‘पुराना मंदिर’मधला सामरी साकारणारे अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणाने इंजिनियर होते, हे कळलं आणि माझी भीतीच गेली. इंजिनियर आमच्या फ्लोअरवर ढिगाने आहेत आणि रिलीजच्या आदल्या रात्री सगळे सामरीच दिसतात. शिवाय रामसेंचं भूत राहणार हवेलीत. इथे वन-बीएचकेचा ईएमआय झेपत नाही, हवेलीचं टेन्शन कोण घेतो?

‘झपाटलेला’ (१९९३) मधला तात्या विंचूही तसाच. रामदास पाध्येंनी घडवलेला तो बाहुला लहानपणी जाम टरकवायचा, पण पुढच्याच मिनिटाला लक्ष्मीकांत बेर्डे हसवून सोडायचे. हिशोब फिट्ट!

मग आला राम गोपाल वर्मांचा ‘भूत’ (२००३) आणि सगळी सोय संपली. हवेली नाही, कंदील नाही, सिनेमात एकही गाणं नाही. आहे काय, तर मुंबईतला एक टॉवर. लिफ्ट, वॉचमन, कामवाली बाई, बाल्कनी... म्हणजे आपलीच सोसायटी की! अजय देवगणला स्वस्तात फ्लॅट मिळतो. आधी तिथे राहणाऱ्या बाईचा मृत्यू झालाय, हे त्याला कळलेलं असतं. तरी तो फ्लॅट घेतो आणि बायकोला, म्हणजे ऊर्मिला मातोंडकरला, त्यातलं काहीच सांगत नाही. पुढे ऊर्मिलाने जे काही केलंय, त्याला तोड नाही. त्या कामासाठी तिला फिल्मफेअरचा क्रिटिक्स अवॉर्डही मिळाला.

पण मला लिफ्टमध्ये भुताचा चेहरा आठवत नाही. (तेव्हा माझे डोळे मिटलेले होते, हा भाग वेगळा.) आठवतो तो नवऱ्याचा गप्प चेहरा. या शहरात घर शोधलेल्या कुणालाही तो चेहरा ओळखीचा वाटेल. ब्रोकर आकडा सांगतो, आकडा बजेटात बसतो आणि आपण पुढचे प्रश्न विचारणं हळूच बंद करतो. ‘एवढं स्वस्त कसं?’ हा प्रश्न गिळून टाकला की भूत आत आलंच म्हणून समजा!

एकदा ही किल्ली सापडली, की बाकीचे लक्षात राहिलेले सिनेमेही तिने उघडतात. विक्रम कुमारच्या ‘१३बी’ (२००९) मध्ये माधवनचं कुटुंब तेराव्या मजल्यावर राहायला येतं आणि टीव्हीवरच्या मालिकेत त्यांच्याच घरातल्या गोष्टी घडायला लागतात. नव्या फ्लॅटचा आनंद आहे, म्हणून तो कितीतरी दिवस मनातली शंका घरच्यांना बोलून दाखवत नाही. विशाल फुरियाच्या ‘लपाछपी’ (२०१७) मध्ये गरोदर पूजा सावंत उसाच्या फडातल्या एकाकी घरात अडकते. फडातली कुजबुज भयानक आहेच. पण ‘मुलगाच हवा’ म्हणणारी माणसं त्याहून भयानक, कारण ती कुठल्याही लग्नात आपल्या शेजारच्या खुर्चीत बसून जेवत असतात. याच सिनेमावरून पुढे हिंदीत ‘छोरी’ (२०२१) आला.

आणि ‘तुंबाड’ (२०१८). राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा नारायण धारपांच्या कथेवरून प्रेरित आहे. कोकणातला पाऊस खरा हवा म्हणून युनिट अनेक पावसाळे शूटिंग करत राहिलं. पहिल्या रिलीजला तो बेताचाच चालला, पण २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने आधीपेक्षा जास्त गल्ला जमवला. हस्तर खाली गर्भगृहात बसलेला असतो, तो काही वर येऊन कुणाला धरत नाही. विनायक स्वतःच्या पायांनी, दोर धरून, मोहरांसाठी त्याच्याकडे उतरतो. परत परत उतरतो. पुढे पोरालाही तेच शिकवतो. अप्रेझलच्या महिन्यात हा सिनेमा बघून बघा, झोप उडेल!

तेव्हा घाबरटांनो, आपल्यासाठी हे सर्व्हायव्हल किट. एक, ‘तुंबाड’पासून सुरुवात करा. भीतीइतकाच तो देखणा आहे, त्यामुळे डोळे आपोआप उघडे राहतात. दोन, ‘लपाछपी’ रविवारी दुपारी, घरात कुकरच्या शिट्ट्या चालू असताना. तीन, ‘भूत’ बघताना साउंड कमी करा. आमच्या जमातीला डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. आणि नव्या फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट व्हायचं असेल तर ‘भूत’ जोडीनेच बघा. सिनेमा संपला की लाइट लावून ब्रोकरने आपल्याला एकेकटं गाठून काय काय सांगितलंय, ते एकमेकांना सांगून टाका. मग बिनधास्त झोपा. पॅसेजमधला दिवा चालू ठेवलात, तरी कुणी काही म्हणणार नाही.