बाया संख्येनं नव्हत्या, संघटनेनं होत्या

दोस्तहो, आपल्या सभेच्या वृत्तांतात बाया कुठं येतात, ठाऊकाय ना? शेवटच्या ओळीत. ‘माताभगिनी मोठ्या संख्येनं हजर होत्या.’ खलास. पुढाऱ्यांची नावं ओळीनं, बाया मात्र संख्येनं! ही लबाडी आता पुरे झाली. नागपूरच्या आपल्या बायांचा इतिहास उघडा.

जाईबाई चौधरी. ही बाई हमाली करायची. मी गोदीत पोती उचलतो, म्हणून हे नाव माझ्या मानेला आधी कळलं, डोक्याला मागून. एका मिशनरी बाईच्या मदतीनं ती शिकली, मास्तरीण झाली. अस्पृश्य बाई शिकवते म्हणताच सवर्ण खवळले, नोकरी गेली. ती रडत बसली नाही. १९२२ साली तिनं नागपुरात चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. जिच्या हातची खडू-पाटी हिसकावली, तिनं सगळी शाळाच उभी केली.

१९३७ साली अखिल भारतीय महिला परिषद नागपुरात भरली. भाषणात सगळ्या भगिनी. पण जेवायची वेळ झाली आणि जाईबाईंचा जातीवरनं अपमान झाला. भगिनीभाव पंगतीपाशी संपला. आपल्या बायांनी काय केलं? १ जानेवारी १९३८ ला त्यांनी स्वतःची निषेध सभा भरवली. कुणाच्या दारात आर्जव करायला गेल्या नाहीत.

आणि मग २० जुलै १९४२. नागपुरातच अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, स्वागताध्यक्ष कीर्तीबाई पाटील. बाबासाहेब समोर. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या. जमून नुसत्या टाळ्या वाजवल्या काय? नाही. ठराव केले. घटस्फोटाचा हक्क द्या. एका नवऱ्याच्या अनेक बायका कायद्यानं बंद करा. हिंदू विवाह कायदा आला १९५५ साली. आपल्या बाया तेरा वर्षं पुढं होत्या.

दुसरा ठराव कामगारांनी तर भिंतीवर लिहावा असा. गिरणीत, बिडी कारखान्यात राबणाऱ्या बायांना वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा, एक महिना हक्काची रजा, दुखापत झाली तर भरपाई, वीस वर्षं नोकरीनंतर दरमहा किमान १५ रुपये पेन्शन. वाचताना मी हिशेब लावला. मी कंत्राटी. एक खाडा झाला की मजुरी कापली. पायावर पोतं पडलं की भरपाईच्या नावानं शंख. ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वीची मागणी आजही माझ्याच खिशातली आहे!

काही दोस्त म्हणतात, बायांची वेगळी संघटना काढली की चळवळ फुटते. कसली फुटते? या बायांनी सवर्ण बायांपुढं जात मांडली, आणि आपल्या मांडवात नवऱ्यांच्या समोर घटस्फोट मांडला. दोन्हीकडं खरं बोलायला स्वतःचं व्यासपीठ लागतं. ते नसेल तर बाईला सतरंजी अंथरायचं आणि चहा वाटायचं काम उरतं. वेगळ्या संघटनेनं चळवळ फुटत नाही, आपली मक्तेदारी फुटते. दुखतं ते तिथं.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून घराघरांत गेल्या, म्हाताऱ्या बायांशी बोलल्या, तेव्हा १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालं. त्या गेल्या नसत्या तर कितीतरी नावं राखेत गेली असती. १९४२ च्या मांडवातल्या बाया आता बहुतेक गेल्या. पण त्यांच्या लेकी-सुना आपल्याच चाळीत, आपल्याच झोपडपट्टीत आहेत. वस्तीतलं महिला मंडळ कुणी काढलं, मोर्चासाठी घरोघर पीठ कुणी मागितलं, लाठी कुणी खाल्ली, हे त्यांना विचारा. नावानिशी लिहून काढा.

आणि शाखेची इतिवृत्ताची वही, वर्गणीची पेटी, दोन्ही त्यांच्या हातात द्या. सतरंज्या आपण उचलू. ओझं उचलायची सवय आहेच की!