चुकांचे दप्तर खुले करा

दिल्लीतील आर. के. पुरम ही केंद्र सरकारच्या नोकरवर्गाची वसाहत. येथील सरकारी निवासांत वाढलेली मराठी मुलगी अभियांत्रिकीची पदवी घेऊन इस्रोत ‘सायंटिस्ट-इंजिनिअर एससी’ या हुद्द्यावर रुजू व्हायचे म्हणते, तेव्हा घरात पहिली चर्चा ५६,१०० रुपयांच्या मूळ वेतनाची होते. आणि ज्या घरांनी वेतन आयोगांच्या शिफारशींवर संसार उभे केले, तेथे ती व्हावी हे स्वाभाविकच आहे. तथापि उमेदवाराने विचारण्याजोगा याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की तेथे चूक घडल्यावर तिची वासलात कशी लागते.

२० सप्टेंबर १९९३ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. दुसरा टप्पा विलग होताना यानाचा तोल ढळला. तो सावरण्याची आज्ञा देणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलीत एक आकडा आपल्या ठरीव मर्यादेत मावेना, आज्ञा चुकली, आणि आयआरएस-१ई हा उपग्रह हातचा गेला. चौकशी झाली, दोष सापडला, आणि १५ ऑक्टोबर १९९४ रोजीचे दुसरे उड्डाण यशस्वी झाले. पुढे ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ पहिल्याच उड्डाणात ३७ सेकंदांत भरकटले, तेही याच जातीच्या दोषाने: जुन्या एरियन-४ साठी लिहिलेला आज्ञावलीचा भाग नव्या यानात तसाच राहिला होता, नव्या यानाचा आडवा वेग अधिक होता, आणि ३२,७६७ च्या पलीकडचा आकडा सोळा बिटांच्या जागेत घालू जाता दिशादर्शक संगणकच बंद पडला. तेथील चौकशी मंडळाचा अहवाल दीड महिन्यात जगापुढे आला; म्हणून आपला संगणकशास्त्राचा विद्यार्थी एरियनची चूक शिकतो, आणि तीन वर्षे आधी आपल्याच घरी घडलेल्या चुकीची त्याला वार्ताही नसते. याचा मला मनस्वी खेद वाटतो.

इस्रोने सारेच झाकून ठेवले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ७ ऑगस्ट २०२२ रोजी एसएसएलव्ही या छोट्या अग्निबाणाच्या पहिल्या उड्डाणात टप्पा सुटतानाच्या क्षणिक कंपाने त्वरणमापक संवेदक विचलित झाले, आज्ञावलीने ते नादुरुस्त ठरवून राखीव मार्ग पत्करला, आणि उपग्रह ३५६ किलोमीटरांच्या वर्तुळाऐवजी एका बाजूस ७६ किलोमीटरांपर्यंत खाली येणाऱ्या कक्षेत पडले. हा वृत्तान्त इस्रोनेच प्रसिद्ध केला, आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी दुसरे उड्डाण साधले.

कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस, पुण्याचे वसंत गोवारीकर या अवकाशशास्त्रज्ञांची नावे आपण अभिमानाने घेतो. आज्ञावलीची एकेक ओळ तपासणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. आर. के. पुरमच्याच वेस्ट ब्लॉकमधील सरकारी कचेऱ्यांतील मिसलीप्रमाणे ती ओळ एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते, आणि तपासणाऱ्याची खरी कर्तबगारी कशात, तर ज्या दिवशी काहीच बिघडत नाही त्या दिवसात. अशा माणसाला आपल्या पूर्वसूरींच्या चुका तपशिलाने वाचावयास मिळाल्या नाहीत, तर त्याने शिकावे कशावरून?

यास्तव प्रत्येक अपयशाचा चौकशी अहवाल सहा महिन्यांच्या मुदतीत संसदेच्या पटलावर ठेवावा. संरक्षणाच्या दृष्टीने गोपनीय मजकूर वगळावा आणि व्यक्तींची नावे छापू नयेत. परंतु कोणती ओळ चुकली, कोणत्या चाचणीतून ती निसटली आणि ती कशी दुरुस्त झाली, हे तिन्ही त्यात असावे. सरकारी नोकराची अब्रू याने जाईल ही भीती निराधार आहे; चौकशी दोषाची आहे, आपली नव्हे, असा भरवसा ज्याला असतो तो आपली शंका उड्डाणापूर्वीच लेखी नोंदवितो.