कॅपिटल नसलेलं घर

मी लिंबागणेशला राहतो, मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. प्रोग्रॅमिंग माझा विषय नाही. पण सुट्टीत भाचा लॅपटॉप घेऊन आला, तेव्हा त्याला म्हटलं, ‘घर’ नावाचं एक फंक्शन लिहून दाखव, आधी देवनागरीत, मग उर्दू लिपीत. शब्द दोन्ही भाषांत एकच. तो ‘गो’ या भाषेत काम करतो. म्हणाला, “मामू, लिहिता येईल, पण ते प्रायव्हेटच राहील. आपल्या लिपीत कॅपिटल कुठंय?”

प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेसोबत तयार कोडचा साठा येतो, त्याला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. त्यातलं काही सगळ्यांनी वापरण्यासाठी असतं, ते पब्लिक. बाकीचं आतल्या कामाचं, बनवणारे ते उद्या बदलतील. ते प्रायव्हेट. बैठक पाहुण्यांची, माजघर घरच्यांचं. ही खूण हवीच. जावाच्या आतल्या पॅकेजांवर लोक वर्षानुवर्षं विसंबून राहिले. 2017 साली जावा 9 ने तिथं दार बसवायला घेतलं, ते बहुतेक बंद व्हायला 2021 चं जावा 17 उजाडलं.

माझं भांडण खूण कशाची करायची, याच्याशी आहे. गोमध्ये नाव कॅपिटल अक्षरानं सुरू झालं तर पब्लिक, नाहीतर प्रायव्हेट. इंग्रजीला हे सोयीचं आहे, नाव पाहिलं की कळतं. पण कॅपिटल देवनागरीत नाही, उर्दूत नाही, तमिळ, चिनी, जपानीत नाही. देवनागरीचं दुखणं तर दुहेरी. काना, मात्रा, वेलांटी यांना गो अक्षरच मानत नाही. म्हणून ‘घर’ निदान प्रायव्हेट म्हणून चालतं, ‘नाव’ मुळीच चालत नाही. गो बनवणाऱ्यांनी आपल्या प्रश्नोत्तरांत देवनागरीचा उल्लेख करून हे कबूल केलंय. नावाआधी रोमन कॅपिटल एक्स लावणं एवढाच तूर्त उपाय, आणि तो समाधानकारक नाही, असंही तेच म्हणतात.

“सगळे कोड इंग्रजीतच लिहितात, मग तक्रार कशाला?” असं विचारणारे भेटतील. मुलांनी इंग्रजी शिकावीच, मीही तेच सांगतो. पण पहिली समज मादरी जबानीत येते, हे वर्गात रोज दिसतं. आणि कुणी लिहीत नाही म्हणून दार ठेवायचं नाही, दार नाही म्हणून कुणी लिहीत नाही, हे चक्र कुणी तोडायचं?

तोडता येतं. 2008 साली आलेल्या पायथन 3 मध्ये नाव देवनागरीत चालतं, काना-मात्रेसकट, आणि उर्दूतही चालतं. प्रायव्हेटची खूण म्हणजे नावाआधी एक अंडरस्कोर. ती रेघ नुसतं सांगते, अडवत नाही, एवढा कच्चेपणा मान्य. पण ती कुठल्या एका लिपीची जहागीर नाही. जावा आणि रस्टमध्ये पब्लिकसाठी वेगळा शब्द लिहितात. तो शब्द इंग्रजी असला, तरी नाव आपल्या लिपीत राहून पब्लिक होतं.

जुना कोड मोडणार नाही, हे गोनं 2012 पासून दिलेलं वचन पाळावंच. मात्र जुन्या खुणेशेजारी नवी खूण ठेवल्यानं काही मोडत नाही.

भाच्यानं शेवटी ‘घर’च्या आधी एक्स लावला. चाललं. मी म्हटलं, बेटा, घर आपलं, पण दुसऱ्याच्या लिपीतली पाटी लावल्याशिवाय त्याचं दार उघडायचं नाही, हा कुठला इन्साफ?