विद्यापीठांचे दप्तर आणि समीक्षेची विस्मृती

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांविषयी मराठीत आजवर काय लिहिले गेले, हा प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. वा. सी. बेंद्रे यांनी संपादिलेला ‘योगसंग्राम’ व कवितासंग्रह, रा. चिं. ढेरे यांचे ‘मुसलमान मराठी संतकवी’, वाङ्मयेतिहासांतील काही परिच्छेद, अशी यादी कोणताही अभ्यासक देऊ शकेल. परंतु प्रश्न किंचित बदलला की उत्तर हरवते. शेख महंमद पदव्युत्तर अभ्यासक्रमात केव्हा आले आणि केव्हा गळले? त्यांच्यावर परीक्षेत काय विचारले गेले? ते सूफी की वारकरी, या वादात वर्गातील अध्यापनाने कोणती बाजू उचलून धरली? ग्रंथ याविषयी बोलत नाहीत. बोलतात ती अभ्यासमंडळांची इतिवृत्ते, जुने अभ्यासक्रम व प्रश्नपत्रिका, एम.फिल.चे लघुप्रबंध, चर्चासत्रांत चक्रमुद्रित करून वाटलेले निबंध, महाविद्यालयांचे वार्षिकांक. आणि नेमके हेच कागद जपणे हे आपले काम आहे, असे विद्यापीठीय ग्रंथालयांना सहसा वाटत नाही.

ग्रंथालयशास्त्र या लेखनाला ‘ग्रे लिटरेचर’ म्हणते. मराठीत त्यास करडे साहित्य म्हणता येईल. १९९७ साली लक्झेंबर्ग येथील परिषदेत मान्य झालेल्या व्याख्येचा गाभा असा की, शासन, विद्यासंस्था, व्यापार व उद्योग यांनी निर्माण केलेले, परंतु व्यापारी प्रकाशकांच्या नियंत्रणात नसलेले हे साहित्य होय. या व्याख्येत गुणवत्तेचा उल्लेख नाही. एखादे लेखन ‘करडे’ ठरते ते बाजाराच्या दृष्टीने. ज्ञानाच्या दृष्टीने नव्हे. ही साधी गोष्ट मराठी ज्ञानव्यवहाराच्या ध्यानी आलेली नाही. जे छापून विकले गेले तेवढेच जतनीय, असा प्रकाशकाचा निकष विद्यापीठांनी स्वतःच्या लेखनालाही लावला आहे. १९५४चा ग्रंथदान कायदा प्रकाशकाला आपल्या ग्रंथाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना देण्यास बांधून घेतो. अप्रकाशित लघुप्रबंधाला असे कोणतेही कवच नाही. त्याच्या दोन-चार टंकलिखित प्रती असतात. विभागाचे कपाट बदलले, विभागप्रमुख निवृत्त झाले, इमारतीची डागडुजी निघाली, की त्या रद्दीत जातात.

येथे मराठी समीक्षेला एक अप्रिय प्रश्न विचारणे भाग आहे. साहित्याची अभिजात परंपरा ही निसर्गदत्त नसून संस्थांनी घडविलेली असते, प्रमाणीकरणामागे सत्तासंबंध असतात, हे प्रतिपादन गेली तीन-चार दशके चर्चासत्रांतून अखंड होत आले आहे. त्यासाठी फुकोची ‘अभिलेख’ ही संकल्पना आवर्जून उद्धृत केली जाते. फुकोचा अभिलेख म्हणजे कागदांचे कपाट नव्हे, हे मान्य. परंतु कपाटच रिकामे असेल तर विधानांच्या निर्मितीचे नियम शोधायचे कशात? मराठीतील अभिरुची घडविणारी सर्वांत बलवान संस्था विद्यापीठ ही आहे आणि तिचे सर्वांत प्रभावी लेखन म्हणजे अभ्यासक्रम व प्रश्नपत्रिका. कोणत्याही समीक्षाग्रंथाला लाभला नसेल एवढा वाचक एका प्रश्नपत्रिकेला लाभतो, आणि तो तिचे म्हणणे सक्तीने ऐकतो. अशा लेखनाचा पुरावा नष्ट होऊ द्यायचा आणि प्रमाणीकरणाच्या राजकारणावर निबंध वाचायचे, ही विसंगती नुसती हास्यास्पद नाही. ती त्या निबंधांचा आधारच काढून घेते.

या उदासीनतेला परंपरेचा आधारही नाही. वि. का. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळली, वाळवी आणि वाण्याची पुडी यांच्या तोंडून कागद सोडविले आणि १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडमालेद्वारे ते अभ्यासकांपुढे ठेवले. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९५० या कालखंडातील मुद्रित मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांतील जमाखर्चाला इतिहासाचे साधन मानणारा हा समाज आहे. त्याच समाजाची विद्यापीठे स्वतःच्या दप्तराला साधन मानत नाहीत. शेख महंमदांची संहिता सतराव्या शतकापासून टिकली ती नकलकारांच्या व भक्तमंडळींच्या हातून. त्यांच्यावरचा विसाव्या शतकातील लघुप्रबंध टिकेलच, अशी हमी मात्र कोणी देत नाही.

यावर काही आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या विनियमांनी प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली, ‘शोधगंगा’ हे भांडार उभे राहिले, मग आणखी काय हवे? शोधगंगेचे मोल मोठे आहे. पण ती मुख्यतः पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी आहे, आणि त्याआधीच्या प्रबंधांचा समावेश विद्यापीठाने जुन्या प्रती चित्रांकित करण्यावर अवलंबून राहतो. शिवाय युनिकोडपूर्व टंकांत अक्षरजुळणी झालेला किंवा नुसत्या प्रतिमेच्या रूपात चढविलेला मराठी प्रबंध शब्दाने शोधता येत नाही. ‘महंमद’, ‘महमद’, ‘मोहम्मद’ या लेखनभेदांची आणि रोमन लिपीतील शीर्षकांची त्यात भर पडली की प्रबंध असूनही नसल्यासारखा होतो. अभ्यासक्रम, इतिवृत्ते, चर्चासत्रीय निबंध यांचा तर तेथे प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. बहुतेक लघुप्रबंध सामान्य असतात, हे खरेच आहे. परंतु ज्ञानशाखेचा इतिहास तिच्या शिखरांवरून लिहिता येत नाही. एकाच विषयाची, त्याच प्रकरणरचनेची, तीच अवतरणे देणारी वीस लेखने समोर असतील, तर एखादी समीक्षापद्धती रूढ कशी झाली आणि पोकळ कशी झाली, हे त्यांतूनच दिसेल. ग्रंथपालाने येथे परीक्षक होऊ नये. परीक्षण पुढच्या पिढीचे काम आहे. तिसरी भीती वाङ्मयचौर्याची. चोरी अंधारात सोपी असते. उपलब्ध प्रत हाच चोरीविरुद्धचा पुरावा ठरतो.

विलंबाची किंमतही आता स्पष्ट झाली आहे. नोव्हेंबर २०२२च्या विनियमांनी एम.फिल. ही पदवी बंद झाली. म्हणजे मराठीतील एम.फिल. लघुप्रबंधांचा साठा यापुढे वाढणार नाही. तो फक्त घटेल. विद्यापीठीय ग्रंथालयांच्या पाट्यांवर ‘ज्ञानस्रोत केंद्र’ हे नाव आले आहे. स्वतःच्या विद्यापीठात निर्माण झालेले ज्ञान ज्या केंद्रात नाही आणि परदेशी नियतकालिकांची वर्गणी मात्र आहे, त्याने कोणत्या स्रोताचे नाव धारण केले आहे, हे विचारणे उद्धटपणाचे ठरू नये.

करावयाचे काम अवघड नाही. प्रत्येक अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका, इतिवृत्त व चर्चासत्रीय निबंध यांची एक प्रत ग्रंथालयात देण्याचा नियम करणे, विभागांतील कपाटे निर्लेखनापूर्वी ग्रंथपालास दाखविणे, गोपनीय अहवाल ठरावीक मुदतीनंतर खुले करणे, आणि या सर्वांची देवनागरीत, लेखनभेदांसह सूची करणे, एवढ्याने प्रारंभ होतो. पुणे, अहिल्यानगर व नाशिक या जिल्ह्यांचा समावेश असलेल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विचार केला, तर या साहित्याचा मोठा भाग तालुक्याच्या महाविद्यालयांत जन्मतो, हे लक्षात येईल. श्रीगोंद्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने शेख महंमदांवर लिहायचे ठरविले, तर समाधी त्याच्या गावातच आहे. पण आपल्याआधी या विषयावर कोणी काय लिहून परीक्षकांपुढे ठेवले, हे त्याला कळत नाही. तो पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करतो, आणि त्याचे लेखनही त्याच वाटेने रद्दीकडे जाते. मराठी समीक्षेत चर्चांची पुनरावृत्ती फार, ही तक्रार जुनी आहे. तिचे कारण प्रतिभेच्या अभावात शोधण्यापूर्वी ते विभागाच्या कपाटात शोधावे.