वेशीवरची भिंत

भेदभाव माणसाच्या मनात असतो, त्याला सरकार बिचारे काय करणार, असे म्हणणाऱ्या विद्वानांशी माझे भांडण आहे. त्यांनी अमेरिकेत डेट्रॉइट शहराच्या उत्तर वेशीवर, एट माइल रस्त्यालगतची वस्ती पाहावी. तिथे कृष्णवर्णीयांची घरे आधीपासून होती. लगतच्या जमिनीवर एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती. पण सरकारी गृहनिर्माण खाते कर्जांना हमी देईना. कारण काय, तर कृष्णवर्णीयांचा शेजार! मग १९४१ साली त्याने मध्ये सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब भिंत घातली, आणि हमी मिळाली.

सांगा, ही भिंत मनाने बांधली की सरकारी शिक्क्याने?

घरविक्रीतल्या भेदभावाला देशभर कायद्याने बंदी व्हायला १९६८ साल उजाडले. तोवर हमीचे कर्ज कृष्णवर्णीयांना क्वचितच मिळे. गोऱ्यांच्या मुलांना वारशात घर मिळाले. यांच्या मुलांना भिंत. २००६ साली रहिवाशांनी तिच्यावर चित्रे रंगवली. भिंत उभीच आहे. गावकूस ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला वेगळे काय सांगावे? कागदाने जे हिरावले, ते कागदानेच परत केले पाहिजे. नुसत्या गोड शब्दांनी भागणार नाही.